कोळ्याच्या पानात काय वाढावे?

अनारसे, चकल्या आणि करंज्यांनी भरलेल्या ताटासमोर बसलेल्या वाचकापुढे कोळ्याच्या जेवणाची गोष्ट काढणे हा औचित्यभंग आहे, हे मी जाणतो. पण अलीकडे जगात एक नवीच हौस बोकाळली आहे. कुत्री, मांजरे आणि पोपट पाळून कंटाळलेली माणसे तळहाताएवढे केसाळ कोळी काचेच्या पेटीत पाळू लागली आहेत. या कोळ्यांना टॅरँटुला म्हणतात. युरोप-अमेरिकेत त्यांचा रीतसर व्यापार चालतो. पेटी घरात आली, की पहिल्याच संध्याकाळी धन्याला प्रश्न पडतो, की या पाहुण्याच्या पानात वाढायचे काय? प्रश्न साधा दिसतो खरा. पण त्यावरून विद्वानांत दीडशे वर्षे वाद चालला होता, आणि त्या वादाला तोंड फोडले ते एका चित्रकार बाईने.

मारिया सिबिला मेरियन ही बाई १६४७ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे जन्मली. नवऱ्यापासून ती वेगळी झाली होती. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, म्हणजे १६९९ साली, आपली चित्रे विकून तिने पैसा उभा केला आणि धाकट्या मुलीला बरोबर घेऊन ती दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला जहाजाने निघाली. कशासाठी? तर तिथले किडे आणि सुरवंट पाहण्यासाठी! सुरिनाम तेव्हा डच लोकांची वसाहत होती आणि तिथे उसाचे मळे होते. मळेवाले गोरे तिची चेष्टा करीत, कारण त्या मुलुखात साखरेखेरीज आणखी काही शोधण्याजोगे आहे, हेच त्यांना पटत नव्हते. हे तिने स्वतःच लिहून ठेवले आहे. ते वाचताना मला हसू आले. आमच्या माळेगाव बुद्रुकला नीरा डाव्या कालव्याचे पाणी आहे, उशाशी साखर कारखाना आहे, आणि उसाखेरीज दुसऱ्या कशाची चौकशी करणाऱ्या माणसाकडे आमच्याकडचे लोकही जरा चमत्कारिक नजरेनेच पाहतात.

मेरियनबाईंना तिथल्या मूळ रहिवाशांनी आणि मळ्यांवरच्या गुलामांनी मदत केली. तेच तिला किडे आणून देत आणि त्यांच्याविषयी सांगत. दोन वर्षांत तापाने तिची प्रकृती ढासळली आणि १७०१ साली ती परतली. १७०५ साली अ‍ॅम्स्टरडॅमहून तिचा सुरिनामच्या कीटकांवरचा भव्य ग्रंथ निघाला. त्यातले अठरावे चित्र जगभर गाजले. पेरूची एक फांदी आहे, तिच्यावर मुंग्यांची धावपळ चालली आहे, आणि खाली एक भलामोठा केसाळ कोळी इवल्याशा हमिंगबर्ड पक्ष्याला पाठीवर पाडून खातो आहे. शेजारीच त्या पाखराचे घरटे, त्यात अंडी. मुंग्या मिळाल्या नाहीत, की हे कोळी घरट्यातली पाखरे ओढून नेतात, असे बाईंनी खाली लिहिले होते.

चित्र इतके जिवंत, की स्वीडनच्या लिनीअस या पंडिताने १७५८ साली या कोळ्याला शास्त्रीय नाव देताना ‘पक्ष्यांचा’ अशा अर्थाचा ‘अ‍ॅव्हिक्युलॅरिया’ हा लॅटिन शब्दच वापरला. एखाद्या गरीब माणसाला गावाने चोर म्हणून नाव ठेवावे आणि ते पिढ्यानपिढ्या चिकटावे, तशातला हा प्रकार झाला.

पुढे मात्र शंका घेणारे उठले. घरट्यात चार अंडी काढली आहेत, हमिंगबर्ड तर दोनच घालते, असे कोणी म्हणाले. क्यूबात राहिलेल्या मॅकले नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने कोळ्यापुढे प्रत्यक्ष पाखरू ठेवून पाहिले. कोळ्याने ते खाल्ले तर नाहीच, उलट तोच मागे सरला. मेरियनबाईंची गोष्ट ही कपोलकल्पित आहे, असे १८३४ च्या सुमारास त्याने जाहीर करून टाकले. बाई तर १७१७ सालीच वारली होती. तिच्या बाजूने बोलणार कोण?

बोलला तो हेन्री बेट्स. हा इंग्रज अ‍ॅमेझॉनच्या जंगलात अकरा वर्षे राहिला आणि १८६३ साली त्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. कामेटा गावाजवळ त्याने एका झाडाच्या बुंध्यावर असा कोळी पाहिला. खोडाच्या भेगेवर दाट पांढरे जाळे होते, ते फाटले होते आणि त्यात दोन लहान पाखरे अडकली होती. एक मेलेले, दुसरे कोळ्याच्या अंगाखाली, लाळेसारख्या घाण द्रवाने माखलेले, पण अजून जिवंत. बेट्सने कोळ्याला हाकलले, तरी ते पाखरू थोड्याच वेळात मेले. बाई खोटे बोलली नव्हती! याच बेट्सने आणखी एक मौज लिहिली आहे. तिथल्या एका कुटुंबातली मुले असल्या कोळ्याच्या कमरेला दोरी बांधून कुत्र्यासारखी त्याला घरभर फिरवीत होती. हौस तशी जुनीच म्हणायची.

इथे आमच्या पेशातल्या एका माणसाची आठवण काढली पाहिजे. फ्रान्सचा झां आंरी फाब्र हा शाळामास्तर. त्याने पाहिलेला कोळी वेगळ्या कुळातला, लांडगा-कोळी म्हणतात तो. पण टॅरँटुला हे नाव मूळचे त्याचेच, इटलीतील तारांतो शहरावरून पडलेले. केसाळ कोळ्यांनी ते पुढे उसने घेतले. विषाची ताकद पाहावी म्हणून फाब्रने उडण्याच्या बेतात आलेल्या एका चिमणीच्या पिलाला या कोळ्याचा डंख करविला. पिलाचा पाय लुळा पडला. पहिल्या दिवशी ते अन्न मागत होते. मास्तरांच्या मुली त्याला माशा, पाव आणि जर्दाळूचा गर भरवीत होत्या. दोन दिवसांनी त्याने खाणे सोडले आणि ते मेले. जेवायला बसल्यावर घरच्या माणसांच्या नजरेत मला मुका ठपका दिसला, असे फाब्रने प्रांजळपणे लिहिले आहे. हा प्रयोग मला कधीच रुचला नाही. पण तो लपवून न ठेवणारा मास्तर मला आवडतो.

मग खरे काय? खरे असे, की मोठा कोळी कधीमधी पाखरू, पाल किंवा बेडकी धरतो. पण त्याचे रोजचे अन्न म्हणजे किडे. त्याला दात नाहीत. सुळ्यांनी विष टोचतो, पाचक रस भक्ष्यावर ओततो आणि विरघळलेला रस शोषून घेतो. जेवण झाल्यावर उरते ती एक चोथ्याची गोळी. अशा प्राण्याला पिसे आणि हाडे कशाला हवीत? आणि त्याची भूकही अगदी बेताची. मोठा कोळी आठवड्याला एखाद-दुसऱ्या रातकिड्यावर सुखाने राहतो आणि महिनोन् महिने उपवासही काढतो.

दोन वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलाने माळावरच्या बिळातला असाच एक केसाळ कोळी लोणच्याच्या बरणीत घालून वर्गात आणला, आणि दुसऱ्या हातात त्याचा खाऊ म्हणून चिमणीचे पिल्लू! पाखरू खाणाऱ्या कोळ्याचे चित्र त्याने मोबाइलवर पाहिले होते. मेरियनबाईंचे चित्र तीनशे वर्षांनी माळेगावच्या वर्गात येऊन पोचले होते. पिल्लू मी आधी त्याच्या हातून सोडवून वळचणीच्या घरट्यात परत ठेवले. मग वर्गाला सांगितले, कोळी दोन दिवस आपल्याकडे पाहुणा आहे, उद्या त्याला चालेल असा खाऊ शोधून आणा. परवा त्याला त्याच्या बिळाशी सोडायचे.

दुसऱ्या दिवशी बाकावर जणू बाजारच भरला. एकाने उसाच्या फडातला नाकतोडा आणला. दिसायला उत्तम. पण फडावर आदल्या दिवशी फवारणी झाली होती. किड्यांना मारण्यासाठीच बनविलेले औषध कोळ्याला कसे मानवेल? आमच्या वडिलांच्या पिढीने बीएचसीची पावडर हाताने धुरळली. ती १९९७ साली बंद झाली. एंडोसल्फानवर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली. पण फवारणी काही थांबली नाही, औषधे तेवढी बदलली. नाकतोडा बाद.

दुसऱ्याने बांधावरच्या रुईचा टोळ आणला होता, पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा, दागिन्यासारखा. मुलांना तोच पसंत पडला. पण हा टोळ रुईचा विषारी चीक पचवून ते विष आपल्या अंगात साठवतो, आणि त्याचे भडक रंग ही शत्रूला दिलेली ताकीद असते. तोही बाद. तिसऱ्याने घरातले झुरळ आणले. दिवाळीची साफसफाई नुकतीच झालेली, कोपऱ्याकोपऱ्यात झुरळांच्या खडूच्या रेघा. तेव्हा झुरळही बाद. चौथ्याने गोम आणली. ती तर कोळ्यालाच खाऊन टाकायची. शेवटी पास झाला तो एका मुलीने जनावरांच्या गोठ्यामागे, जिथे कधी औषध मारलेले नाही अशा जागी पकडलेला रातकिडा. तोही कोळ्याच्या पोटापेक्षा लहान, म्हणजे मापात बसणारा.

पेट्यांत कोळी पाळणारे लोक याच कारणासाठी रानातले किडे टाळतात आणि रातकिडे किंवा झुरळे स्वतःच वाढवतात. त्यांना आधी कणीक, गाजर असे चांगले खायला घालतात, कारण किड्याच्या पोटात जे जाते तेच पुढे कोळ्याच्या पोटात जाते. शेजारी उथळ बशीत पाणी. फार खाऊ घालणे मात्र वाईट. पोट टम्म फुगलेला कोळी हातभर उंचीवरून पडला, तरी पोट फुटून मरू शकतो.

या हौसेची झळ आपल्याकडेही पोचली आहे. आंध्रातील गुत्ती गावी रेल्वेच्या लाकडांच्या वखारीत एक विलक्षण निळा कोळी सापडला आणि पोकॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९९ साली त्याचे वर्णन केले. त्यानंतर शंभर वर्षे तो कोणाला दिसला नाही; २००१ साली नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात पुन्हा सापडला. परदेशातल्या काचेच्या पेट्यांत त्याची वंशावळ वाढत असताना त्याचे घर असलेले जंगल तुटत होते. त्याच्या साऱ्या जातभाईंना २०१९ साली सायटीस या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत घातले गेले, आणि २०२२ च्या दुरुस्तीने आपल्या वन्यजीव कायद्यानेही त्या यादीची दखल घेतली. तेव्हा रानातून कोळी धरून आणून पेटीत घालण्याचा विचार कोणी करू नये. आमच्या सह्याद्रीतही या निळ्याचे भाऊबंद झाडांच्या ढोलीत राहतात.

रातकिडा निवडणाऱ्या त्या मुलीने मला विचारले होते, “गुरुजी, यानं खाल्लं नाही तर?” मी सांगितले, “तर रातकिडा लगेच काढून घ्यायचा.” कोळी कात टाकण्याआधी काही दिवस, कधी काही आठवडे, अन्नाला शिवत नाही. कात टाकताना तो पाठीवर उताणा पडून असतो, नव्या अंगाने लोण्यासारखा मऊ. अशा वेळी पेटीत राहून गेलेला भुकेला रातकिडा त्याचे पाय कुरतडतो, पोट फाडतो आणि सबंध कोळी मारून टाकू शकतो. नवे सुळे आधी पांढरे असतात, मग तांबूस होतात आणि शेवटी काळे. ते काळे होईपर्यंत पेटीत पाण्याच्या बशीखेरीज काहीही ठेवायचे नाही.