घडीच्या चाकूचं कूळ

आसेगावच्या आसपास, मंगरूळपीर तालुक्यात संत्र्याच्या बागा आहेत आणि प्रत्येक कलमी झाडाच्या मुळाशी एक चाकू आहे. जंबेरी लिंबाचा खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की कलम करणारा खिशातला चाकू उघडतो, सालीवर उलट्या ‘टी’सारखी चीर पाडतो, जातिवंत संत्र्याचा डोळा आत सरकवतो नि पट्टीनं आवळतो. उलटी अशासाठी, की वरून ओघळणारं पाणी आत शिरू नये. मला हे चाकू जमवायचा नाद आहे, तेव्हा पुढची मतं पक्षपाती समजावीत.

पातं मुठीत मिटवण्याची युक्ती फार जुनी. ऑस्ट्रियात हालस्टाटला सापडलेला घडीचा चाकू इसवी सनापूर्वी ६००-५००च्या सुमाराचा मानतात. रोमनांकडेही असे चाकू होते. पण नुसत्या खिळ्यावर फिरणारं पातं कधी बोटावर मिटेल याचा नेम नाही. सतराव्या शतकात शेफील्डच्या कारागिरांनी मुठीच्या पाठीत पोलादी पट्टी बसवली. ती पात्याच्या बुडाला दाबून धरते, उघडं असताना आणि मिटलेलं असतानाही. पिसाची लेखणी तासणारा नाजूक चाकू याच घराण्यातला, आणि माळ्याचाही. माळ्याच्या चाकूला साल उचलायला हाडाची किंवा पितळेची जीभ असते, एवढाच फरक.

फ्रान्सच्या जोसेफ ओपिनेलनं १८९०मध्ये पट्टीशिवायचा लाकडी मुठीचा चाकू काढला. पातं अडकवणारं फिरतं कडं त्याला १९५५मध्ये मिळालं. उत्तर प्रदेशातल्या खटक्याच्या रामपुरीला हिंदी सिनेमानं बदनाम केलं. आपल्याकडे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याला परवाना लागतो, मात्र घरगुती नि शेतीची हत्यारं वगळून. संग्राहक रामपुरीवर जीव टाकतात. मला तो माझ्या संग्रहात नको.

माझी पसंती साध्या पोलादाच्या सरळ, एकाच बाजूनं धार लावलेल्या पात्याला. सपाट बाजू लाकडाला टेकते, काप लाटेसारखा होत नाही. संत्र्याच्या रसानं पोलाद काळवंडतं, पण धार लवकर चढते. देखण्या नक्षीदार मुठी मात्र रोपवाटिकेत अडचणीच्याच. एक्सोकॉर्टिससारखा लिंबूवर्गीय झाडांचा रोग पात्यावरून झाडाझाडांत जातो, म्हणून मातृवृक्ष बदलताना पातं ब्लीचच्या पाण्यात बुडवावं लागतं, आणि नक्षीत नि घडीच्या खाचेत साचलेला रस ते पाणी आत सहज पोचू देत नाही. त्यामुळे मूठ निवडताना मी आधी खाच रुंद आहे का ते बघतो.