पुणतांब्याचे कोरे पत्र

गोदाकाठचे पुणतांबे आज २०१७ च्या शेतकरी संपामुळे अनेकांना ठाऊक आहे. आम्हाला मात्र ते गाव आठवते चांगदेवाच्या समाधीमुळे, आणि त्याच्या कोऱ्या पत्रामुळे. चौदाशे वर्षे जगला अशी ख्याती असलेला हा योगी ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसला आणि मायन्यातच अडला. 'चिरंजीव' म्हणावे तर ज्ञानाने मोठा, 'तीर्थरूप' म्हणावे तर वयाने पोर. विचारायचे पुष्कळ होते, पण मानापानाने हात धरला आणि कागद कोराच गेला. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर धाडले. तरी चांगदेव निघाला तो वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन. भावंडे भिंतीवर बसून सामोरी गेली. अखेर त्याने गुरू केले ते धाकट्या मुक्ताबाईला. त्याची समाधी परंपरा १३०५ सालची मानते.

गंमत अशी की हीच कथा तेराव्या शतकातल्या अनातोलियाच्या हाजी बेक्ताश वलींबद्दलही सांगतात. तिथे सापाचा चाबूक घेऊन सिंहावर येतात सय्यद महमूद हैरानी, आणि हाजी बेक्ताश भिंतीवर बसून पुढे होतात. कोणाची कथा कोणी घेतली, या वादात आम्हाला रस नाही.

मायन्याचा हा पेच पुढे आमच्याच नगर जिल्ह्यात एका नावाभोवती उभा राहिला. श्रीगोंद्याचे शेख महंमद 'योगसंग्रामा'त उघड सांगतात : आपले सद्गुरू चाँद बोधले, त्यांनीच जनार्दनस्वामींना जवळ केले, आणि जनार्दनस्वामींनी एकनाथांना. म्हणजे १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करणाऱ्या नाथांचे आजेगुरू एक कादरी सूफी! ताहराबादच्या महिपतींच्या चरित्रांत मात्र मलंगाच्या वेषात दत्तच येतो. वेष ठेवला, नाव गेले. महिपतींनी मुद्दाम लपवले असे आम्ही म्हणणार नाही. श्रद्धेला जे पेलते तेवढेच ती पुढे देते. आणि बोट एकाच बाजूला कशाला दाखवायचे? विठ्ठलाचे नाव घेणारा, मराठीत लिहिणारा शेख आमच्या किती घरांत आपला म्हणून सांगितला गेला? तिकडे संकोच, इकडेही संकोच. मधल्या मध्ये माहिती गहाळ. रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती पुन्हा जुळवली.

चाँद बोधल्यांची कबर दौलताबादेत आहे. जनार्दनस्वामींची समाधीही तिथल्याच किल्ल्यावर आहे.