पोप सिक्स्तस पाचवे आणि रोमचे पाषाणस्तंभ

२४ एप्रिल १५८५ रोजी कार्डिनल फेलिचे पेरेत्ती यांची पोपपदी निवड झाली आणि त्यांनी सिक्स्तस पाचवे हे नाव धारण केले. गरीब कुटुंबात जन्मलेले आणि बालवयातच फ्रान्सिस्कन संघात दाखल झालेले हे परमगुरू जेमतेम सव्वापाच वर्षे संत पीटरच्या आसनावर होते. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया मनिला येथे ज्या फ्रान्सिस्कन प्रांतात दाखल झाले, त्या प्रांताला १५८६ साली मान्यता देणारे पोप ते हेच. आज रोमला जाणारा यात्रेकरू ज्या रस्त्यांनी चालतो आणि ज्या चौकांत थबकतो, त्यांची आखणी बऱ्याच अंशी याच पाच वर्षांतली आहे. नगराच्या कलावैभवाचे नेतृत्व कसे करावे आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे दोन्ही धडे या कारकिर्दीत सापडतात.

त्या काळचे रोम म्हणजे टायबर नदीच्या वळणात दाटीवाटीने वसलेली वस्ती होती. प्राचीन जलवाहिन्या मोडून शतके लोटली होती. त्यामुळे टेकड्यांवर पाणी नव्हते आणि पाण्यावाचून माणसे नव्हती. सात प्रमुख मंदिरांची यात्रा करणारा भाविक द्राक्षमळे आणि भग्नावशेष यांतून वाट काढीत असे. ही मंदिरे सरळ रस्त्यांनी जोडावीत आणि रस्त्याच्या टोकाला दुरूनच दिसेल अशी खूण उभारावी, अशी सिक्स्तस यांची कल्पना होती. ती खूण त्यांना प्राचीन इजिप्तच्या पाषाणस्तंभांत सापडली.

व्हॅटिकनचा स्तंभ सम्राट कॅलिगुला याने इजिप्तहून आणविला होता. सुमारे २५ मीटर उंचीचा आणि तीनशे टनांहून अधिक वजनाचा हा अखंड दगड नीरोच्या क्रीडांगणात उभा होता. संत पीटर यांनी त्याच परिसरात रक्तसाक्ष दिली, अशी परंपरा आहे. पुढे तो जुन्या महामंदिराच्या बाजूला, आडोशाला पडल्यासारखा राहिला. तेथून तो महामंदिरासमोर आणायचा, म्हणजे अंतर उणेपुरे अडीचशे मीटर. परंतु त्यापूर्वीच्या पोपमहोदयांनाही हे काम अशक्य वाटले होते.

योजना मागविण्यात आल्या आणि दोमेनिको फोन्ताना यांची निवड झाली. सिक्स्तस कार्डिनल असताना त्यांचे उत्पन्न बंद झाले, तेव्हा फोन्ताना यांनी स्वतःच्या पैशाने त्यांच्या चॅपेलचे बांधकाम चालू ठेवले होते. पोपमहोदयांनी तो विश्वास स्मरणात ठेवला. ३० एप्रिल १५८६ रोजी सुमारे ९०० माणसे, ७५ घोडे आणि दोर ताणणारे ४० रहाट कामाला लागले. कामकऱ्यांनी आधी पापनिवेदन करून ख्रिस्तप्रसाद स्वीकारला होता. तुतारी वाजली की ओढायचे आणि घंटा वाजली की थांबायचे, असा संकेत ठरला होता. मध्ये कोणी ब्र काढायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. स्तंभ आडवा झाला, सरकविला गेला आणि १० सप्टेंबर रोजी नव्या जागी उभा राहिला. ताणलेले दोर तुटू पाहताच ब्रेस्का नावाच्या खलाशाने बंदी मोडून ‘दोरांवर पाणी घाला’ असा पुकारा केला, आणि बक्षीस म्हणून झावळ्यांच्या रविवारी झावळ्या पुरविण्याचा मान त्याच्या घराण्याला मिळाला, अशी आख्यायिका आहे. फोन्ताना यांनी या कामावर १५९० साली सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मात्र हा प्रसंग नाही.

स्तंभाच्या शिरावर क्रूस चढविण्यात आला. त्यानंतर १५८७, १५८८ आणि १५८९ साली सांता मारिया मॅज्जोरे, लॅटरन आणि पोपोलो चौक येथे एकेक स्तंभ उभा राहिला. सम्राट त्राजानच्या विजयस्तंभावर संत पीटर आणि मार्कस ऑरेलियसच्या स्तंभावर संत पौल यांचे पुतळे विराजमान झाले. सम्राटांच्या वैभवाला ख्रिस्ताच्या सेवेत लावणे, हा या साऱ्यामागचा विचार होता. १५८७ साली ‘फेलिचे’ हेच नाव धारण केलेली जलवाहिनी पूर्ण झाली आणि टेकड्यांवर पुन्हा पाणी खळाळू लागले. कारंजी सुंदर होतीच, शिवाय घागर भरायला येणाऱ्या गरिबाच्याही ती उपयोगी पडत.

मात्र या चित्राला दुसरी बाजू आहे. प्राचीन सेप्टिझोडियमची भव्य वास्तू दगडांसाठी पाडण्यात आली. लॅटरनचा जुना पोपवाडाही जमीनदोस्त झाला. कलोसियममध्ये गरिबांना रोजगार मिळावा म्हणून लोकरीचा कारखाना काढण्याची योजना होती. ती पोपमहोदयांच्या निधनामुळे बारगळली. याच काळात नवे कर बसले, पदांची विक्री झाली आणि सांत आंजेलो किल्ल्यातील तिजोरीत चाळीस लाखांहून अधिक स्कूदी साठले. २७ ऑगस्ट १५९० रोजी सिक्स्तस निवर्तले, तेव्हा करांनी गांजलेला जमाव त्यांचा पुतळा पाडण्यासाठी कॅपिटोल टेकडीकडे धावला. हयात पोपचा पुतळा यापुढे उभारू नये, असा ठराव नगरसभेने केला. फोन्ताना यांच्यावर हिशेबातील गैरव्यवहाराचा ठपका आला आणि त्यांना नेपल्सचा रस्ता धरावा लागला.

तरीही काम टिकले. बर्निनी यांनी सतराव्या शतकात त्या स्तंभाभोवती आपली स्तंभावली बाहू पसरल्यासारखी उभारली. पुढील पोपमहोदयांनी सिक्स्तस यांच्या रस्त्यांवर आणखी स्तंभ उभारले. आराखडा सुस्पष्ट असला की नंतर येणारे हात त्यात भर घालू शकतात, हे या कार्याचे मोठे यश आहे.

आपल्या धर्मग्रामांतही जुनी वेदी हलविण्याचे, नवे मंदिर बांधण्याचे, चौकातील क्रूस रस्त्यासाठी सरकविण्याचे प्रसंग येतात. अशा वेळी सिक्स्तस यांची दूरदृष्टी आपल्याला हवी, योग्य माणसावर टाकलेला विश्वास हवा आणि कामाआधी वेदीपुढे गुडघे टेकण्याची त्यांची रीतही हवी. पण काय पाडायचे आणि त्याचा भार कोणी उचलायचा, हे ठरविताना ज्यांच्या वर्गणीतून काम उभे राहते त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे. रोमच्या कामकऱ्यांना मौनाची आज्ञा होती, आणि त्या दिवशी ती आवश्यकही होती. परंतु सबंध नगराला पाच वर्षे मौन पाळावयास लावले, तर ते मौन एके दिवशी पुतळ्यावर चालून जाते.