सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट

मुंबईचे वादक चरणजित सिंग (१९४०–२०१५) यांची रागाधारित इलेक्ट्रॉनिक वाद्यसंगीताची ध्वनिमुद्रिका (पहा : ध्वनिमुद्रण).

हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या सिंग यांनी ती १९८२ मध्ये मुंबईत मुद्रित केली, प्रकाशन एचएमव्हीचे. खप अत्यल्प झाला.

रोलँड कंपनीची तीन यंत्रे हा तिचा गाभा : ज्युपिटर-८ वर रागाची सुरावट, टीबी-३०३ वर खर्जात सतत फिरणारे स्वर, टीआर-८०८ वर डिस्कोचा ठेका. भैरवी, ललत, यमन, मालकंस अशा दहा रागांच्या या वादनात तबला नाही (पहा : राग, डिस्को संगीत).

नेदरलँड्सच्या बॉम्बे कनेक्शन या ध्वनिमुद्रिका-कंपनीने २०१० मध्ये ती पुनःप्रकाशित केली, तेव्हा तिची तुलना नंतरच्या एका नृत्यसंगीताशी झाली. शिकागोच्या अ‍ॅसिड हाऊस या नृत्यसंगीतशैलीतील आरंभीची रचना ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ची. दोहोंतील ध्वनिसाम्य विलक्षण आहे, मात्र ते टीबी-३०३ या समान यंत्रातून आलेले दिसते.