तबेल्यातला जन्म

एका चुकीची कबुली देऊन सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या राणीसावरगावच्या परिसरातील एका शाळेत असईच्या लढाईवर बोलायला मला बोलावले होते. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. मिळेल ते पुस्तक वाचून, वह्यांत टिपणे काढून शिकलेला माणूस. व्याख्यान रंगावे म्हणून मी एक किस्सा सांगितला. असई जिंकणारा आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, मूळचा डब्लिनचा. पण कोणी त्याला आयरिश म्हटले की तो म्हणे, तबेल्यात जन्मले म्हणून कोणी घोडा ठरत नाही. मुले हसली, गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. नंतर चहा घेताना एका निवृत्त शिक्षकांनी हळूच विचारले, "हे तो कुठे म्हणाला?" मला सांगता आले नाही.

त्या प्रश्नाने माझी झोप उडवली. बराच शोध घेतल्यावर कळले ते असे, की हे बोल वेलिंग्टनचे नाहीतच. ते डॅनियल ओकॉनेल या आयरिश पुढाऱ्याचे आहेत आणि वेलिंग्टनला उद्देशून आहेत. १८४३ च्या ऑक्टोबरात एका भाषणात त्याने म्हाताऱ्या ड्यूकची कीव केली आणि हा टोला मारला. पुढे ओकॉनेलवर खटला भरला गेला, त्याच्या कागदपत्रांत ते भाषण आले म्हणून ते टिकले. म्हणजे ज्याने जन्मभूमी झिडकारली असे आपण ऐकत आलो, त्यालाच जन्मभूमीच्या वकिलाने झिडकारले होते. काळाच्या ओघात शिवी देणारा विसरला गेला आणि शिवी खाणाऱ्याच्या तोंडी ती चिकटली.

ओकॉनेलला एवढा राग का यावा, हे समजायला वेलस्ली घराण्याची कुळकथा पाहावी लागते. हे घराणे मुळात कॉली. इंग्लंडातून सुमारे १५०० च्या काळात आयर्लंडात येऊन स्थिरावलेले. १७२८ साली रिचर्ड कॉली याला नात्यातील गॅरेट वेस्लीची मालमत्ता मिळाली, तेव्हा त्याने वेस्ली हे नाव घेतले. आपल्याकडे वतनावर दत्तक गेलेला मुलगा नाव बदलतो, तसाच हा प्रकार. पुढे १७९८ मध्ये वेस्लीचे वेलस्ली झाले. आर्थरचे वडील डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीताचे पहिले प्राध्यापक होते. आर्थरही व्हायोलिन वाजवी, पण १७९३ मध्ये त्याने आपली व्हायोलिने जाळून टाकली आणि सैनिकीला वाहून घेतले. (असईत पडलेल्यांच्या दृष्टीने तो गवईच झाला असता तर बरे होते.) हे लोक प्रॉटेस्टंट आणि जमीनदार, भोवतालची रयत कॅथलिक. अडीचशेहून अधिक वर्षे राहूनही आयर्लंडच्या रयतेला ते बाहेरून आलेले वाटत आणि लंडनच्या दरबारी वर्तुळात ते आयर्लंडहून आलेले ठरत. आर्थरचा जन्म १७६९ चा. मात्र नेमका दिवस कोणता आणि जागा कोणती, यावर चरित्रकारांचे आजही एकमत नाही. डब्लिनमधील मेरियन स्ट्रीटवरचे घर बहुतेक जण मानतात.

असईला मी पहिल्यांदा गेलो तो या चुकीनंतरच. गंगाखेड, परभणी, जालना आणि मग भोकरदनची वाट. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात ते गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज इथे उभी होती. वाटाडे सांगत होते की पुढे नदीला उतार नाही. वेलस्लीने दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहिली आणि ताडले की यांच्यामध्ये पाऊलवाट असणारच. खेड्यातल्या कोणालाही हे सुचले असते. सेनापतीला सुचले म्हणून ती बुद्धिमत्ता ठरली. तेथून तो पार झाला. त्याचे दीड हजारांवर लोक मेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. उतारवयात, युद्धातली आपली सर्वांत उत्तम कामगिरी कोणती असे विचारल्यावर त्याने वॉटर्लूचे नाव घेतले नाही, असईचे घेतले.

आपण मराठीत या सगळ्यांना सरसकट 'इंग्रज' म्हणतो. पण त्या दिवशीची फौज पाहा. दोन गोऱ्या पायदळ पलटणी स्कॉटलंडच्या, बहुतेक शिपाई मद्रासकडचे, सोबत म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडेस्वार, वर सेनापती डब्लिनचा. समोर शिंद्यांच्या कवायती पायदळाचा म्होरक्या पोलमन, हा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा आणि निजाम वेलस्लीच्या बाजूला. असईच्या मातीत कोण कुणाचा होता हे नावावरून ठरवायला गेलो तर वही भरेल.

आणि एक तारीख. असईच्या अवघे तीन दिवस आधी, २० सप्टेंबर १८०३ रोजी, डब्लिनच्या थॉमस स्ट्रीटवर रॉबर्ट एमेट या पंचविशीतल्या तरुणाला फाशी दिले गेले. जुलैत त्याने ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव केला होता आणि तो फसला होता. तोही डब्लिनचा, तोही प्रॉटेस्टंट, चांगल्या घरचा. एकाच शहरात जन्मलेली दोन माणसे, वयात नऊ वर्षांचे अंतर. एक साम्राज्य तोडताना गेला, दुसऱ्याने ते आमच्या शेतांतून पुढे नेले. एमेटचे दफन कुठे झाले ते आजवर कळलेले नाही. ही तारीख सापडली त्या रात्री मी दिवा न मालवता बराच वेळ बसून होतो.

मग वेलिंग्टन आयरिश नव्हता म्हणून मोकळे व्हावे का? तेही जमत नाही. जानेवारी १८२८ मध्ये तो ब्रिटनचा पंतप्रधान झाला. त्याच जुलैत ओकॉनेल क्लेअर परगण्यातून निवडून आला, पण कॅथलिक असल्याने शपथेच्या अटीमुळे त्याला पार्लमेंटात बसता येईना. स्वतःच्या पक्षाचा आणि राजाचा विरोध पत्करून वेलिंग्टनने एप्रिल १८२९ मध्ये कॅथलिकांना पार्लमेंटचे दार उघडणारा कायदा करवून घेतला. त्या वादात एका लॉर्डाशी त्याने पंतप्रधान असताना पिस्तुलाचे द्वंद्वही खेळले. ज्याच्यासाठी दार उघडले, त्यानेच चौदा वर्षांनी तबेल्याचा टोला मारला. कारण आता मागणी पार्लमेंटातल्या जागेची नव्हती, १८०१ चे आयर्लंड-ब्रिटन एकीकरण मोडण्याची होती. आणि ओकॉनेलची क्लॉन्टार्फची प्रचंड सभा बंद पाडणाऱ्या सरकारात वेलिंग्टन बसला होता. माझ्या मते ओकॉनेल राजकारण म्हणून बरोबर होता, न्याय म्हणून नव्हता.

घर सोडून ब्रिटनमध्ये गेलेले आयरिश बहुतेक वेलस्लींसारखे जमीनदार नव्हते. मायकेल डॅविटचे कुटुंब मेयो परगण्यातून १८५० मध्ये घरातून हुसकले गेले आणि लँकेशरला पोचले. अकराव्या वर्षी कापडगिरणीत त्याचा उजवा हात गेला. याच डॅविटने १८८३ मध्ये पार्नेलला सुचवले होते की आमच्या दादाभाई नवरोजींना आयर्लंडच्या एखाद्या जागेवरून पार्लमेंटात पाठवावे. पार्नेलने ते मानले नाही. दादाभाई १८९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरीतून पाच मतांनी निवडून आले, तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. डॅविटने जन्मगाव विचारले नव्हते, दुःख कोणते ते पाहिले होते. लोकमान्यांनी १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग काढली, ते नावही आयर्लंडकडूनच आलेले.

आणि मग आपल्याच काळातली, कोकणातली गोष्ट. मुंबईचे डॉक्टर अशोक वराडकर १९६० च्या दशकात इंग्लंडला गेले. तिथे त्यांना आयर्लंडच्या डंगार्व्हनची परिचारिका मिरियम भेटली. दोघेही घर सोडून परक्या इस्पितळांत राबणारे. पुढे ते आयर्लंडला स्थायिक झाले. १९७९ मध्ये डब्लिनलाच जन्मलेला त्यांचा मुलगा लिओ जून २०१७ मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला. २०१९ च्या डिसेंबरात तो मालवण तालुक्यातल्या वराडला कुटुंबासह आला, तेव्हा गावाने नातवाचे करावे तसे स्वागत केले. आडनावात गाव असले की पत्ता विचारावा लागत नाही. वेलस्लींचे आडनाव मात्र वारशात आलेले, कुठल्या वाटेने जावे ते सांगत नाही.

डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये वेलिंग्टनचा बासष्ट मीटर उंच स्तंभ आहे. तो मी फक्त छायाचित्रात पाहिला आहे. त्याच शहरातला नेल्सनचा स्तंभ १९६६ मध्ये स्फोटाने उडवला गेला. हा उभा राहिला. त्याच्या पायथ्याशी वॉटर्लूच्या तोफांच्या धातूत ओतलेली चित्रे आहेत. एक वॉटर्लूचे, एक नागरी आणि धार्मिक स्वातंत्र्याचे, आणि एक भारतातल्या युद्धांचे.

गेल्या दसऱ्याआधी मी त्या शाळेत परत गेलो आणि चूक दुरुस्त केली. वर्ग अर्धा रिकामा होऊ लागला होता. आमच्याकडची कुटुंबे ऊसतोडीला निघण्याच्या तयारीत होती. मी ओकॉनेलचे नाव फळ्यावर लिहिले. सातवीतली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, मी सांगलीकडं कारखान्यावर जन्मले, कोपीत. मग मी कुठली?" वर्गशिक्षकांनी कपाटातून हजेरीचे मोठे रजिस्टर काढून तिचे पान दाखवले. जन्मस्थळाच्या रकान्यात राणीसावरगाव लिहिले होते.