युद्धोत्तर मानसिक आघात : ओळख, उपचार आणि घरच्यांची भूमिका

चवथीच्या दिवसांत आरती संपते आणि अंगणात फटाक्यांची माळ लागते. मुले टाळ्या पिटतात. घरातला निवृत्त सुभेदार मात्र तोवर आतल्या खोलीत गेलेला असतो. दार लावून, भिंतीला पाठ टेकून तो बसलेला असतो. छाती धडधडत असते, तळहात घामाने ओले झालेले असतात. बाहेर पाहुण्यांना सांगितले जाते, ‘त्यांना गोंगाट सोसवत नाही.’

माजी सैनिकांच्या अनेक कुटुंबांना हे चित्र ओळखीचे वाटेल. पिढ्यान्‌पिढ्या अशा वागण्याला ‘स्वभाव’ हे एकच नाव मिळत आले. वैद्यकशास्त्रात त्याचे नाव आघातोत्तर ताणविकार असे आहे. ‘पीटीएसडी’ या आद्याक्षरांनी तो अधिक ओळखला जातो. या विकारावर परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत. मात्र त्यासाठी आधी तो विकार आहे हे घरात कुणाच्या तरी ध्यानात यावे लागते.

नाव मिळण्यापूर्वीचा इतिहास

अमेरिकी यादवी युद्धातील सैनिकांच्या तक्रारींचा अभ्यास करून डॉ. जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. धडधड, धाप, छातीतील वेदना ही लक्षणे स्पष्ट होती; पण हृदयात दोष सापडत नव्हता. पहिल्या महायुद्धात हा प्रश्न हजारोंच्या संख्येने पुढे आला. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मज्जासंस्था बिघडते, असा प्रारंभीचा समज होता. परंतु ज्यांच्या जवळपास कधी गोळा फुटलाच नव्हता अशा सैनिकांचीही वाचा बसू लागली, पाय लुळे पडू लागले, आणि हा समज टिकला नाही.

मायर्स यांनी काही रुग्णांची हरपलेली स्मृती परत आणण्यासाठी संमोहनाचा आधार घेतला होता. गोमंतकीय वाचकांना येथे एका नावाची आठवण होईल. संमोहनाचे सामर्थ्य संमोहन करणाऱ्याच्या अंगी नसून ते ज्याच्यावर केले जाते त्याच्या मनात असते, हा विचार शंभर वर्षे आधी पॅरिसमध्ये मांडणारे आबे फारिया हे कांदोळीचे. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे.

एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डॉ. विल्यम रिव्हर्स अधिकाऱ्यांवर उपचार करीत. निलगिरीतील तोडा जमातीवरील १९०६ च्या ग्रंथामुळे भारतीय मानववंशशास्त्राला ते आधीपासून परिचित होते. आठवणी दडपून टाकण्याचा सल्ला रुग्णाला अधिक आजारी करतो, हा त्यांचा निष्कर्ष आजच्या उपचारपद्धतींच्या जवळ जाणारा आहे. मात्र सर्वांच्या वाट्याला रिव्हर्स आले नाहीत. पळपुटेपणा, भेकडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यातील ज्या ३०६ सैनिकांना गोळ्या घालण्यात आल्या, त्यांना मरणोत्तर माफी मिळण्यास २००६ साल उजाडावे लागले. दुसऱ्या महायुद्धातही परिस्थिती फारशी बदलली नव्हती. ऑगस्ट १९४३ मध्ये सिसिलीतील रुग्णालयांत जनरल पॅटन यांनी अशा दोन सैनिकांना भेकड ठरवून थपडा मारल्या होत्या.

मराठी मुलूखही या इतिहासात आहे. मेसोपोटेमियातील कूट अल-अमारा येथे ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात वेढल्या गेलेल्या सैन्यात मराठा पलटणी होत्या. उपासमार, रोगराई आणि नंतर तुर्कांची कैद त्यांनी भोगली. पुढे १९२२ पासून बेळगाव हे मराठा रेजिमेंटचे केंद्र झाले आणि पलटणींच्या पराक्रमाची परंपरा तेथे जपली गेली. पण गावी परतलेल्या जवानांच्या मनात काय उरले, याची नोंद फार थोडी सापडते.

आजचे नाव रूढ झाले ते व्हिएतनाम युद्धानंतर. १९७० मध्ये न्यूयॉर्कमधील माजी सैनिकांनी एकत्र बसून बोलण्याचे गट सुरू केले. रॉबर्ट लिफ्टन आणि खाइम शाटन हे मनोविकारतज्ज्ञ त्यात सहभागी झाले. या पाठपुराव्याचा मोठा वाटा असलेल्या प्रयत्नांनंतर १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत हा विकार समाविष्ट झाला. त्या युद्धात प्रत्यक्ष गेलेल्या पुरुषांपैकी सुमारे ३० टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी तो झाला, असे त्या दशकातील मोठ्या सर्वेक्षणात दिसले. त्याच माहितीची २००६ मध्ये कठोर निकष लावून फेरतपासणी झाली, तेव्हा हा आकडा सुमारे १९ टक्क्यांवर आला. कोणताही आकडा धरला तरी दोन गोष्टी स्पष्ट होतात : युद्ध पाहिलेल्या बहुसंख्यांना हा विकार होत नाही आणि ज्यांना होतो त्यांची संख्या दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

लक्षणे कोणती?

मृत्यू, गंभीर इजा किंवा तशी भीती प्रत्यक्ष अनुभवल्यानंतर पुढील चार प्रकारची लक्षणे एक महिन्याहून अधिक काळ टिकली आणि त्यामुळे रोजच्या जगण्यात अडथळा येऊ लागला, तर हे निदान केले जाते.

• पुनरनुभव : नको असताना येणाऱ्या आठवणी, दुःस्वप्ने, प्रसंग पुन्हा घडत असल्याचा भास. डिझेलचा वास, हेलिकॉप्टरचा आवाज, जळके मांस यांपैकी काहीही त्याला निमित्त होऊ शकते.

• टाळाटाळ : त्या विषयावर न बोलणे, जुन्या सोबत्यांना न भेटणे, जत्रा-बाजार अशा गर्दीपासून दूर राहणे.

• मनोवृत्तीतील बदल : सतत अपराधी वाटणे, कशातच आनंद न उरणे, बायको-मुलांविषयीही मायेचा ओलावा जाणवेनासा होणे.

• अखंड सावधपणा : झोप न लागणे, लहानशा आवाजाने दचकणे, चटकन संताप येणे, हॉटेलात दाराकडे तोंड करूनच बसणे, रात्री उठून कड्या तपासणे.

काहींमध्ये ही लक्षणे प्रसंगानंतर सहा महिन्यांनी किंवा त्याहूनही उशिरा पूर्णपणे प्रकटतात. नोकरीत असेपर्यंत शिस्त आणि पलटणीची सोबत माणसाला सावरून धरते. निवृत्तीनंतर दिवस मोकळे होतात आणि दडलेले वर येते. म्हणून ‘इतक्या वर्षांनी आता काय?’ हा प्रश्न निदान टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

मेंदूत काय घडते?

धोका ओळखून शरीराला इशारा देणारा भाग म्हणजे अमिग्डला. घटनेला स्थळ-काळाची चौकट देण्यात हिप्पोकॅम्पसचा वाटा असतो आणि ‘हे संपले, आता भीती नाही’ असे सांगून इशारा थांबवण्याचे काम कपाळामागील मेंदूचा पुढचा भाग करतो. या विकारात इशारा सहज सुटतो आणि तो थांबवणारी यंत्रणा दुबळी पडते. परिणामी ती आठवण भूतकाळात जाऊन बसत नाही. शरीर तिला आजचीच घटना समजते. रणांगणावर जीव वाचवणारी सावधगिरी घरात आल्यावरही उतरत नाही. ‘मन घट्ट कर’ या उपदेशाचा येथे उपयोग का होत नाही, हे यावरून लक्षात येईल.

भीतीपलीकडची जखम

सैनिकाच्या बाबतीत भीतीखेरीज आणखी एक गोष्ट असते. आपल्या हातून जे घडले, जे रोखता आले नाही किंवा वरिष्ठांनी जे करायला लावले, त्याची बोचणी. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९४ मध्ये होमरच्या महाकाव्यातील अकिलीस आणि व्हिएतनामचे सैनिक यांची तुलना करणारा ग्रंथ लिहिला. या बोचणीसाठी ‘नैतिक जखम’ ही संज्ञा त्यांच्या लेखनातून पुढे आली.

आपल्याला त्यासाठी ग्रीसपर्यंत जाण्याची गरज नाही. महाभारतातील शांतिपर्वाची सुरुवातच युद्ध जिंकलेल्या युधिष्ठिराच्या शोकाने होते. राज्य हाती आले असताना तो वनात जाण्याची भाषा करतो. भाऊ, द्रौपदी आणि ऋषी त्याच्याशी बोलत राहतात. कुणी रागावते, कुणी समजावते, पण त्याला एकटे सोडत नाहीत. दुसरीकडे, रात्रीच्या संहारानंतर शापित झालेला अश्वत्थामा भळभळत्या जखमेसह एकटाच हिंडत राहतो, अशी लोकश्रद्धा आहे. जखम दोघांनाही होती. फरक सोबतीचा होता.

उपचारांचे मार्ग

आठवण टाळल्याने ती बळावते आणि सुरक्षित वातावरणात, तज्ज्ञाच्या सोबतीने तिला सामोरे गेल्याने तिची धार बोथट होते, हे आजच्या प्रमुख उपचारपद्धतींचे समान सूत्र आहे.

पहिली पद्धत एडना फोआ यांनी विकसित केली. साधारण ८ ते १५ सत्रांत रुग्ण तो प्रसंग पुन्हा पुन्हा, तपशिलाने सांगतो. त्याचे ध्वनिमुद्रण घरी ऐकतो. टाळलेल्या गोष्टींची चढती यादी केली जाते. ताफ्यातील स्फोटातून वाचलेला माणूस ट्रकमागे गाडी चालवणे टाळत असेल, तर आधी उभ्या ट्रकजवळ थांबणे, मग मोकळ्या रस्त्यावर त्याच्या मागून जाणे अशा पायऱ्या ठरतात.

दुसरी पद्धत पॅट्रिशिया रेसिक यांची, साधारण १२ सत्रांची. ‘मी वाट बदलली असती तर तो वाचला असता’ अशा रुतून बसलेल्या विचाराची तीत तपासणी होते. त्या क्षणी काय ठाऊक होते, निर्णय कुणाच्या हाती होता, हे प्रश्न शांतपणे विचारले जातात. खरी जबाबदारी आणि मागाहून ओढवून घेतलेला दोष यांत भेद करता येऊ लागतो.

तिसरी पद्धत फ्रान्सिन शापिरो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मांडली. तीत आठवण मनात धरून तज्ज्ञाच्या हलत्या बोटामागे नजर फिरवली जाते.

तिन्ही पद्धतींनी अनेक रुग्णांची लक्षणे इतकी ओसरतात की निदान लागू राहत नाही. तथापि सर्वांनाच सारखा गुण येत नाही. प्रारंभीची सत्रे जड जातात आणि बरेच जण त्याच टप्प्यावर उपचार सोडतात. हे आधीच ठाऊक असेल तर तो टप्पा ओलांडणे सोपे जाते.

औषधांमध्ये सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन व व्हेन्लाफॅक्सिन यांचा उपयोग सिद्ध झाला आहे. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती परस्पर बंद करणे धोक्याचे असते. डायझेपाम, अल्प्राझोलाम या वर्गातील झोपेच्या व चिंतेच्या गोळ्यांची मात्र या विकारासाठी शिफारस केली जात नाही. त्यांची सवय जडते. हीच गोष्ट मद्याची. कॅन्टीनच्या कोट्यातील रम रात्री झोप आणते खरी; पण ती झोप उथळ असते, आणि टाळाटाळीला बाटलीची साथ मिळाली की दोन आजार एकमेकांना पोसू लागतात.

घरच्यांनी काय करावे?

‘काय काय घडले ते सांगून टाका’ असा आग्रह धरू नये. तयारी नसताना एकाच बैठकीत सारे बोलायला लावल्याने विकार टळत नाही, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. बोलावेसे वाटेल तेव्हा ऐकावे. मध्येच तोडू नये, न्यायनिवाडा करू नये. झोपेत ओरडणाऱ्याला हलवून उठवण्याऐवजी थोड्या अंतरावरून नावाने हाक मारावी. फटाके, नरकासुराची रात्र, लग्नाचा बँड यांची कल्पना आधी द्यावी.

संतापामागे आजार असला तरी घरातील मारहाण सहन करण्याची सक्ती कुणावरही नाही. पत्नी आणि मुलांची सुरक्षितता पहिली. सतत काळजी वाहणाऱ्या पत्नीलाही विश्रांतीची आणि वेळप्रसंगी समुपदेशनाची गरज असते.

जीव नकोसा झाल्याची भाषा ऐकू आली तर सरळ विचारावे. विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात रुजत नाही. उलट मदतीचे दार उघडते. सुरक्षारक्षकाच्या नोकरीमुळे किंवा अन्य कारणाने घरात परवान्याची बंदूक असल्यास ती अशा काळात घराबाहेर, सुरक्षित ताब्यात ठेवण्याची व्यवस्था करावी.

मदत कोठे मिळेल?

‘टेलिमानस’ ही केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती सुरू झाली. सैन्यदलांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ पासून आहे. निवृत्तांसाठी माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेची, म्हणजेच ईसीएचएसची, पॉलिक्लिनिक हा पहिला टप्पा असून तेथून मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवले जाते. गोव्यात बांबोळी येथील मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत सर्व नागरिकांना उपचार घेता येतात. कागदपत्रांसाठी सैनिक कल्याण कार्यालयाचे साहाय्य घ्यावे. विकार सेवेमुळे उद्भवला अथवा बळावला, हे निवृत्तिवेतनाच्या दाव्यात महत्त्वाचे ठरते. त्यामुळे सेवाकाळातील उपचारांची प्रत्येक चिठ्ठी जपावी.

‘वेड्यांच्या इस्पितळात गेलो असे लोक म्हणतील’ ही भीती अजून खरी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमासंरक्षण देणे कंपन्यांवर बंधनकारक केले आहे. कायद्याने कागदावर दिलेली ही प्रतिष्ठा वाड्यावाड्यांवर पोहोचायची, तर सुरुवात घरातूनच व्हावी लागेल. येत्या चवथीला फटाक्यांची माळ लागेल तेव्हा आतल्या खोलीत गेलेल्या माणसाच्या शेजारी कुणीतरी जाऊन बसावे, आणि सण सरल्यावर त्याला घेऊन डॉक्टरांकडे जावे.