चाळीस टक्क्यांच्या अलीकडे

अपंगत्व आणि आरोग्यसेवा या विषयाच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या नव्या वाचकाला मी आधी ग्रंथालयात पाठवणार नाही. त्याने जिल्हा रुग्णालयात जावं, तेही अपंगत्वाचं प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय बोर्डाच्या दिवशी. सिव्हिलच्या आवारात त्या दिवशी कुबड्या असतात, चाकाच्या खुर्च्या असतात, आईच्या पाठुंगळी बसलेली मोठाली मुलं असतात. यांतले फार थोडे उपचारांसाठी आलेले असतात. बाकीचे अपंगत्वाचे टक्के घ्यायला आलेले असतात.

या विषयाची खरी गाठ इथेच आहे. 2016च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने 40 टक्के ही रेघ कायम ठेवली. तिच्या अलीकडे राहिलेल्याला भेदभावाविरुद्ध दाद मागता येते. आरक्षण आणि बहुतेक योजना मात्र रेघेपलीकडच्यांसाठी. केंद्राच्या अपंग निवृत्तिवेतनाला तर 80 टक्के लागतात. डॉक्टर मोजतात तो सांधा किती वळतो ते. त्या सांध्यानिशी माणूस एसटीत चढू शकतो का, हा प्रश्न त्यांच्या मोजणीच्या तक्त्यात बसत नाही. तरीही तहसीलच्या खिडकीवर चालतो तो तोच आकडा. वैद्यकशास्त्र असं महसुली कामाला जुंपलं गेलं, की रुग्णालयाचंच कार्यालय होतं.

सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं उदाहरण घ्या. 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. 2016मध्ये ते 21 झाले आणि त्यांत सिकलसेल आला. गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी कुटुंबांसाठी ही मोठीच गोष्ट. पण या आजाराच्या कळा येतात आणि ओसरतात. कळ नसलेल्या दिवशी बोर्डापुढे उभा राहिलेला तरुण धडधाकटच दिसणार. शिवाय सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के आरक्षणात रक्ताच्या विकारांना जागाच नाही. म्हणजे प्रमाणपत्र मिळालं तरी ते कुठे चालणार, हा प्रश्न उरतोच. कायद्याच्या अभ्यासकांनी या फटीवर आणखी लिहायला हवं.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही इथे भरपूर काम आहे. कायद्याचं कलम 24 सांगतं, की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत अपंग व्यक्तींची रक्कम इतरांच्या तशाच योजनांपेक्षा किमान 25 टक्के जास्त असावी. केंद्र विधवा निवृत्तिवेतनात महिन्याला 300 रुपये देतं आणि अपंग निवृत्तिवेतनातही 300च. महाराष्ट्राने संजय गांधी निराधार योजनेत 2025मध्ये अपंग लाभार्थ्यांची रक्कम 1500वरून 2500 केली, हे चांगलंच झालं. पण तिथवर पोचायला उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि त्या दाखल्यात फक्त जमेची बाजू असते. सोबत आलेल्या भावाचा बुडालेला रोज, रिक्षाचं भाडं, हे त्यात कुणी वजा करत नाही.

उपचारांबद्दल कलम 25 स्पष्ट आहे: सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळ्याविना जाता यावं. यावर आपल्याकडचा बराचसा विचार दाराशी उतार बांधण्यापाशी थांबतो. उतार हवाच. पण आत तपासणीचं टेबल उंच असेल, तर खुर्चीवरून आलेल्या बाईची नीट तपासणी होतच नाही. कर्णबधिर सुनेचं दुखणं डॉक्टरांना सांगणार कोण? बहुधा सासू. जे सासूदेखत सांगता येत नाही, ते केसपेपरवर कधीच चढत नाही.

सुगम्यतेच्या बाबतीत न्यायालयं पुढे गेली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात 2024मध्ये ठरवलं, की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी असू शकत नाहीत. ते बंधनकारक हवेत. 2025मध्ये प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल केवायसीचा, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याचा, प्रश्न आला. ॲसिडहल्ल्यात डोळे गेलेल्या व्यक्तीला कॅमेऱ्यापुढे पापणी मिटून दाखवायला सांगायचं, ही त्या पद्धतीची तऱ्हा होती. निकाल वाचनीय आहेत; विद्यार्थ्यांनी ते मुळातून वाचावेत.

आणि मोजणी. 2011च्या जनगणनेत भारतात 2.68 कोटी अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, लोकसंख्येच्या 2.21 टक्के. जागतिक आरोग्य संघटनेचा 2022चा अहवाल जगासाठी 16 टक्के हा अंदाज देतो. इतकी तफावत शरीरांमुळे पडत नाही. ती बरीचशी प्रश्न कसा विचारला यावरून पडते. 2011च्या अर्जात प्रकार आठच होते आणि सिकलसेलला स्वतंत्र रकाना नव्हता. संख्याशास्त्र शिकलेलं कुणी हे वाचत असेल, तर त्याने इथूनच सुरुवात करावी. आम्हाला अशा माणसांची फार गरज आहे.